शिखरावर वेग शून्य, त्वरण मात्र कायम: एका जुन्या गोंधळाची पार्श्वभूमी

सरळ वर फेकलेली वस्तू सर्वोच्च बिंदूला पोचली की तिचा वेग क्षणभर शून्य होतो. त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, मात्र तिथेही खालच्या दिशेने ९.८ मी/से² असते. परीक्षेत हमखास चुकणाऱ्या या मुद्द्याने शतकानुशतके मोठमोठ्या विद्वानांनाही चकवले आहे.

इ.स.पू. दुसऱ्या शतकात ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिप्पार्कसने मांडले की फेकताना दिलेला जोर वस्तूत साठून राहतो आणि हळूहळू ओसरतो. तो वजनापेक्षा कमी पडला की वस्तू खाली येऊ लागते आणि उरलासुरला जोर संपत जाईल तसतशी वेगाने पडते. ‘शिखरावर बल शून्य होते’ असे लिहिणारा विद्यार्थी नकळत याच विचाराच्या जवळ असतो. प्रत्यक्षात हातातून सुटलेल्या वस्तूला वर ढकलणारे काहीच नसते. हवेचा रोध सोडला तर तिच्यावर फक्त गुरुत्व बल असते.

गॅलिलिओही आधी चुकला. १६०४ मध्ये व्हेनिसमधला विद्वान पाओलो सार्पी याला लिहिलेल्या पत्रात त्याने पडणाऱ्या वस्तूचा वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असे गृहीत धरले होते. तसे असते तर स्थिर वस्तू कधी हललीच नसती: अंतर शून्य म्हणून वेग शून्य, आणि वेग शून्य म्हणून अंतर शून्यच. वेग वाढतो तो वेळेच्या प्रमाणात, हे त्याने पुढे ओळखले आणि १६३८ च्या ग्रंथात प्रयोगासह मांडले.

तो प्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. तिरक्या ठेवलेल्या सुमारे ७ मीटर लांबीच्या तुळईत बोटभर रुंदीची सरळ खाच, घर्षण कमी व्हावे म्हणून तिला आतून गुळगुळीत चर्मपत्राचे अस्तर आणि तीतून घरंगळणारी काशाची घोटीव गोळी. वेळ मोजायला मोठ्या भांड्यातून बारीक नळीने पडणारे पाणी पेल्यात धरून त्याचे वजन करायचे. पाव लांबीला बरोबर निम्मा वेळ लागला, म्हणजे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात.

याच उतरणीवरून गुरुत्व त्वरणाचे मूल्य काढायला गेलात तर ते कमी येते. सपाट उतरणीवर न घसरता घरंगळणाऱ्या भरीव गोळीचे त्वरण घर्षणाशिवाय नुसत्या घसरणाऱ्या वस्तूच्या त्वरणाच्या ५/७ असते, कारण काही ऊर्जा फिरण्यात जाते. खाचेत ते आणखी घटते. गॅलिलिओला फक्त गुणोत्तरे हवी होती, म्हणून त्याचे काही अडले नाही. मूल्य नेमके मिळाले ते १६५९ मध्ये, डच शास्त्रज्ञ हायगेन्सच्या लंबकातून.

१९.६ मी/से वेगाने वर फेकलेला चेंडू पाहा. हवेचा रोध धरला नाही, तर वेग दर सेकंदाला ९.८ ने घटतो: १९.६, ९.८, ०, −९.८, −१९.६. दोन सेकंदांनी चेंडू १९.६ मीटरवर असतो. वरची दिशा धन धरली तर जाताना, शिखरावर आणि येतानाही त्वरण −९.८ च लिहायचे. उतरताना त्याचे चिन्ह बदलले की उत्तर फसते.