लोकसहभागी सार्वजनिक कला (पुणे)

वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन रस्त्यावर, भिंतीवर किंवा चौकात घडवलेली कला. भिंत कुठली, विषय कोणता, रंग कोण लावणार हे चित्रकार आणि रहिवासी मिळून ठरवतात. ठेक्याने रंगवून घेतलेल्या सुशोभीकरणाला ही संज्ञा लावू नये. फक्त फोटोपुरते मुलांच्या हाती कुंचले देण्यालाही नाही.

पुण्यात या रीतीची मुळे जुनी आहेत. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव रुजला, तशी पेठापेठांतून मंडळे उभी राहिली. वर्गणी घरोघरची, मांडवात रात्री जागणारी पोरे गल्लीतली आणि जिवंत देखाव्यात उभे राहणारेही शेजारपाजारचेच. विसर्जन मिरवणुकीच्या वाटेवर घातल्या जाणाऱ्या रांगोळीच्या पायघड्या याच घराण्यातल्या.

भित्तिचित्रे अलीकडची. चित्रकार हर्षवर्धन कदम यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये कसबा पेठेत ‘पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट’ सुरू झाला. तांबट आळी, कुंभारवाडा अशी हातच्या कसबावरून पडलेली नावे जिथे आजही तोंडी आहेत, तिथे हे काम व्हावे याला मोठा अर्थ आहे.

पहिले दिवस ओट्यावर बसून बोलण्यात जातात, आणि ते वाचवू नयेत. बैठक संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला ठेवली की बायका येत नाहीत आणि चित्रात त्यांचे म्हणणे उतरत नाही. घरमालकाची परवानगी आधीच घ्यावी लागते. १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा राज्य कायदा लागू आहे.

मग भिंतीचे पोपडे पत्र्याने खरवडतात, भेगा पुट्टीने बुजवतात, प्रायमरचा हात देतात. गेरूत बुडवलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, मधून उचलून सोडायची, की सरळ रेघ उमटते. अशा रेघांच्या चौकटी आखून कागदावरचे चित्र भिंतीवर मोठे करतात. प्रत्येक भागात रंगाचा आकडा लिहिला, की कधी कुंचला न धरलेली आजीही आपला भाग भरते.

पावसाळ्यात काम होत नाही. जमिनीतून चढणारी ओल खालचा वीतभर रंग आधी सोडवते. म्हणून उरलेले रंग आकडे घालून, झाकणे घट्ट लावून आळीतच कुणाकडे तरी ठेवतात. दिवाळीआधी घराला रंग काढताना तेच डबे उघडतात आणि चित्राचाही खालचा पट्टा भरून घेतात.