नागीण, ओठावरचा ताप आणि बाळाचा मुका

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'हर्पिस' दिसलं की नागपुरातल्या घरांत आधी नागीण आठवते. 'तिले नागीन निंगाली' म्हणतात, आणि तिचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस दगावतो ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. गंमत म्हणजे नाव चुकलेलं नाही. 'सरपटणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आलेला हर्पिस आपल्या 'सर्प'चा भाषेतला भाऊच. आयुर्वेदातला 'विसर्प' हा त्वचारोगही नावाने त्याच घराण्यातला. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या काळी पसरत जाणाऱ्या त्वचेच्या कितीतरी दुखण्यांना हेच नाव होतं, घोळ तिथूनच सुरू झाला.

नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. तो कांजिण्यांचा विषाणू, लहानपणी येऊन मज्जातंतूंत दडून बसलेला. आजारपणात ओठावर ताप फुटतो तो हर्पिस सिम्प्लेक्स. त्याचे दोन प्रकार 1960च्या दशकात वेगळे ओळखले गेले, एक मुख्यतः तोंडाचा, दुसरा जननेंद्रियांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांत पहिला प्रकार असतो. बारशाला जमलेली मंडळी मोजून बघा.

मग हर्पिस म्हटलं की वाटणारी लाज कुठली? बरीचशी अलीकडची. ऑगस्ट 1982 मध्ये अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाने हर्पिसला मुखपृष्ठावर आणलं, ते थेट बदनामीचा डाग म्हणून. त्याच वर्षी तिथे हर्पिसवरच्या असायक्लोव्हिर या औषधाचं मलम मंजूर झालं होतं. त्या औषधामागच्या संशोधक गर्ट्रूड एलियन यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं. विषाणूविरोधी औषधं येण्याआधी नवजात बाळाच्या शरीरभर हा विषाणू पसरला तर 100 पैकी 85 बाळं जात. वेळेवर शिरेतून औषध मिळू लागल्यावर हा आकडा 30च्या आसपास आला. अजूनही जास्तच आहे.

आईच्या मनातला प्रश्न मात्र वेगळा असतो: 'माझ्यामुळे बाळाला होईल का?' अमेरिकेत एके काळी गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत पुन्हापुन्हा नमुने तपासून सिझेरियन ठरवत. 1986 मधल्या अभ्यासाने दाखवलं की प्रसूतीच्या दिवशी विषाणू असेल की नाही ते या तपासण्यांतून कळतच नाही. खरा फरक आईला जननेंद्रियांचा हा संसर्ग कधी झाला यात आहे. जुना असेल, तर तिच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं कवच बाळालाही मिळतं आणि धोका 3 टक्क्यांच्या आतच राहतो. शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच झाला, तर 30 ते 50 टक्के. म्हणजे जुना संसर्ग वर्षानुवर्षं मनात धरून रात्रभर जागणारी बाई बहुतेकदा सुरक्षित बाजूला असते, हे तिला कुणी सांगत नाही. कळांच्या वेळी जननेंद्रियांवर ताजे फोड असतील तर सिझेरियन करतात, एवढं डॉक्टरांना आधी माहीत असावं.

नवजात हर्पिसच्या दहातल्या एखाद्या बाळाला तो जन्मानंतर लागतो, तोही बहुधा ओठावर ताप फुटलेल्या माणसाच्या मुक्यामुळे. सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत कुणाला येऊ न देणाऱ्या आज्जीचं कारण सोयर होतं, विषाणू नव्हे. तरी पाहुणे लांब राहत, हे खरं. आता बारशाला ओठावर फोड घेऊन आलेल्या काकांना 'मुका नको' म्हणायला सुनेची जीभ रेटत नाही. महिन्याच्या आतलं बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, ताप आला किंवा अंगावर फोड दिसले, तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी न्यायचं. आईच्या स्तनावर फोड नसेल तर अंगावरचं दूध तोडायचं कारण नाही.