समितीची शाळा आणि लोकांचा वाटा: बडोद्यातली पार्श्वभूमी

बडोद्यात महापालिकेच्या प्राथमिक शाळेला सगळे ‘समितीची शाळा’ म्हणतात, कारण तिचा कारभार नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे असतो. या शाळा सुधारायच्या तर पालक, मोहल्ला, विद्यापीठ, कंपन्या अशा सगळ्यांनी हात लावायला हवा, हे हल्ली प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. हा विचार नवा आहे, बाहेरून आला आहे, अशीच बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात या गावात तो शंभर वर्षांहून जुना आहे. इतक्या काळात लोकांचा वाटा कधी खरा होता आणि कधी नुसता कागदावर, हे नीट पाहिलं तर आजच्या चर्चेला बराच आधार मिळेल.

सुरुवात सयाजीराव महाराजांपासूनच करावी लागते. डिसेंबर १८८१ मध्ये राज्याची पूर्ण सूत्रं हाती आली तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून ते दत्तक आले होते आणि त्यांचं स्वतःचं अक्षर-शिक्षण बडोद्यात आल्यावरच सुरू झालं होतं. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. आधी एक शहर आणि भोवतालची काही गावं, मग संपूर्ण तालुका, असं ते काम वाढलं. १९०६ मध्ये सबंध संस्थानात कायदा लागू झाला: मुलगे ७ ते १२ वर्षांचे, मुली ७ ते १० वर्षांच्या, शिक्षण मोफत आणि सक्तीचं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असं काहीही नव्हतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, त्यावेळी त्यांच्या युक्तिवादाला बडोद्याचा मोठा आधार होता. एका संस्थानाला जे जमतं ते सरकारला का जमू नये, हा त्यांचा सवाल होता. पुढच्या वर्षी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं.

बडोद्याचा हा मान आपण मराठी माणसं अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवा. पण हा सगळा आदेशाचा कारभार होता. राजाने हुकूम काढायचा, अंमलदाराने याद्या करायच्या, ढोरांमागे पोर धाडणाऱ्या बापाने दंड भरायचा. यात गावाचा वाटा होता तो फक्त आज्ञा पाळण्याचा. त्याची मर्यादाही लवकरच दिसली. कायद्याने शाळेत आणलेलं मूल तीन-चार इयत्ता शिकून बाहेर पडे, आणि घरात, गावात वाचायला काहीच नसल्यामुळे काही वर्षांत अक्षरं विसरून जाई. सरकारने शिकवलं आणि गावाने पुसलं, असं होऊ लागलं.

यावर महाराजांनी जो तोडगा काढला, तोच माझ्या मते आजच्या भागीदारीचा खरा पूर्वज आहे. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक वाचनालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं. १९१३ पर्यंत बॉर्डन इथे राहिले आणि त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावच्या वाचनालयापर्यंतची साखळी उभी केली. या साखळीचा पैशाचा नियम फार विचारपूर्वक केलेला होता. गावाने वर्गणी काढून काही रक्कम जमवायची, तेवढीच रक्कम पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. तीन सारखे हिस्से. गावाने हात आखडता घेतला तर सरकारचाही पैसा येणार नाही, आणि गावाने पैसा उभा केला तर सरकारला मागे हटता येणार नाही. शिवाय ज्याने वर्गणी दिली तो वाचनालयात जाऊन विचारू शकत होता की माझ्या पैशाची पुस्तकं कुठे आहेत. जिथे वाचनालय उभं राहणं कठीण होतं तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत्या ग्रंथालयातून जात. एका गावाची वाचून झाली की पेटी परत, आणि दुसरी येई.

हा नियम आकाशातून पडला नव्हता. मध्य गुजरातेतल्या चरोतर भागात मोतीभाई अमीन नावाच्या शिक्षकाने त्याआधीच तरुणांची मित्रमंडळं काढून त्यांच्यामार्फत वाचनालयं सुरू केली होती. संस्थानाने त्या कामाला पाठबळ दिलं, मोतीभाईंनाही त्यात ओढून घेतलं. आधी लोकांनी केलं, मग सरकारने त्याला बळ दिलं. आज नेमका हा क्रम उलटा झालेला दिसतो: योजना वरून येते आणि लोकांनी ‘सहभाग’ द्यायचा असतो. याच काळात बडोद्यात शिकणाऱ्या विनोबांनी मित्रांबरोबर विद्यार्थी मंडळ काढलं होतं आणि त्या मुलांनी स्वतः पुस्तकं जमवून संग्रह उभा केला होता. गावाची हवाच तशी होती.

मात्र ‘लोक’ म्हणजे कोण, हा प्रश्न इथे टाळता येणार नाही. सयाजीरावांनी राज्यसूत्रं हाती घेतल्यावर लगेचच, १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला, अस्पृश्यांच्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढल्या. त्या मुलांना शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होत नसत, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ मध्ये आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी बडोद्यात आले आणि या शाळांच्या कामात त्यांनी आयुष्य घातलं. म्हणजे त्या वेळी समाज भागीदार नव्हता, अडसर होता. राज्याने समाजाच्या विरोधात जाऊन शाळा चालवल्या. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. आपल्या शहराच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना हे पान गाळून पुढे जाणं मला मान्य नाही. लोकसहभाग म्हणताना कुणाचा आवाज आत येतोय आणि कुणाला दाराशी थांबवलं जातंय, हे आजही विचारावंच लागतं.

१ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. प्राथमिक शाळांना १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा लागू झाला आणि १९६० मध्ये गुजरात वेगळं झाल्यावरही चौकट तीच राहिली. शिक्षण समितीचे सभासद निवडण्याचा अधिकार मुख्यतः नगरसेवकांकडे, काही सभासद सरकारनियुक्त. लोकशाही आली, पण ज्याचं मूल त्या वर्गात बसतं त्या आईबापाला शाळेच्या कारभारात जागा नव्हती. राजाच्या जागी खातं आलं, इतकाच फरक. त्या कायद्याने शाळांचं जाळं टिकवलं, वाढवलं, गुजरातीबरोबर मराठी आणि हिंदी माध्यमाच्या शाळाही चालवल्या. गुजरातचं पाठ्यपुस्तक मंडळ मराठी माध्यमाची पुस्तकं छापत आलं आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

पण दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागातली शिकलेली मराठी कुटुंबं हळूहळू समितीच्या शाळांतून निघाली. आधी नावाजलेल्या खासगी शाळांकडे, मग इंग्रजी माध्यमाकडे. त्यात कुणाला दोष देण्यासारखं नाही; आपल्या लेकराचं भलं प्रत्येकजण बघतो. परिणाम मात्र जबर झाला. ज्यांना अर्ज लिहिता येत होता, नगरसेवकाला गाठता येत होतं, वर्गात शिक्षक का नाहीत म्हणून भांडता येत होतं, तेच लोक निघून गेले. मागे उरलं ते धुणीभांडी करणाऱ्या, मजुरीच्या नाक्यावर उभं राहणाऱ्या, पंचमहाल-दाहोदकडून किंवा खानदेशातून पोट भरायला आलेल्या घरांचं मूल. मधल्या काळात विद्यापीठ, महापालिका आणि उद्योजक यांना एकत्र आणणारी बरोडा सिटिझन्स कौन्सिल १९६६ मध्ये स्थापन झाली आणि झोपडपट्ट्यांमधल्या कामाला एक वाट मिळाली. पण शाळेच्या वर्गापर्यंत लोक पोचायला आणखी बराच काळ गेला.

ते घडलं २००० नंतर, आणि त्याची नोंद जगाने घेतली. त्या सुमारास राज्य सरकारने बडोद्याच्या समितीच्या शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. मुलांनी ते फारसे वापरलेच नाहीत. चालवता येणारं कुणी नसल्याने बरेच संगणक खोक्यांतच पडून राहिले. दुसरीकडे ‘प्रथम’ या संस्थेने बालसखी कार्यक्रम आणला. १९९० च्या दशकात मुंबईतल्या वस्त्यांमधून सुरू झालेली ही संस्था. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, दहावी झालेली मुलगी. तिला सुरुवातीला सुमारे दोन आठवडे शिकवलं जाई आणि मानधन महिन्याला पाचशे-साडेसातशे रुपये. तिसरी-चौथीच्या वर्गातली सगळ्यात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास बाजूला घेऊन बसे, कधी व्हरांड्यात, कधी रिकाम्या खोलीत. तिथे चौथीचा अभ्यासक्रम संपवण्याची घाई नसे. अक्षर, शब्द, हातच्याची बेरीज, जिथे मूल अडलं होतं तिथूनच ती सुरू करे.

गरज किती होती, हे एका आकड्यावरून कळतं. हा कार्यक्रम तपासणाऱ्या अभ्यासाच्या सुरुवातीला घेतलेल्या चाचणीत बडोद्यातल्या तिसरीच्या मुलांपैकी केवळ १९.५ टक्के मुलांना पहिलीच्या पातळीचं गणित येत होतं. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यातल्या शाळांत हा कार्यक्रम काटेकोरपणे तपासला आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांचे गुण वाढले होते, दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त, आणि सगळ्यात जास्त फायदा तळातल्या मुलांना झाला होता. मागची मुलं बालसखीकडे गेल्यावर वर्गात उरलेल्यांना शिक्षकाचं लक्ष जास्त मिळालं असणार, तरी त्यांच्या गुणांत फरक दिसला नाही. नुसती पटसंख्या कमी करून भागत नाही, मुलाच्या पायरीवर उतरून शिकवावं लागतं, हे त्यातून उघड झालं. ते पडून असलेले संगणकही गणिताच्या खेळांसाठी, शिकवणारं माणूस सोबत देऊन, आठवड्याला दोन तास वापरले गेले तेव्हा गणितात चांगली वाढ झाली. यंत्र तेच होतं, फक्त शेजारी माणूस आला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा आपल्या समितीच्या शाळांमधल्या या कामाचा उल्लेख बडोद्यात अधिक व्हायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष कमी सांगितला जातो. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिलं तर फायद्याचा मोठा भाग ओसरला होता. संस्था येते, काम करते, जाते. त्या दहावी झालेल्या मुलींना शाळेच्या व्यवस्थेत कायमची जागा नव्हती, गावच्या वाचनालयाला तीन हिश्श्यांच्या नियमाने होती तशी.

कायद्याने ती जागा निर्माण केली १ एप्रिल २०१० पासून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असायला हवी, तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या सभासद स्त्रिया. वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. १८९३ च्या अमरेलीपासून पहिल्यांदाच, शाळेत ज्याचं मूल आहे त्याला शाळेच्या कारभारात कायद्याचा हक्क मिळाला.

अशा एका समितीची बैठक मी पाहिली आहे. कामाच्या दिवशी सकाळी अकराची वेळ. आलेल्या सगळ्या बायाच होत्या. दोघी कामावरून तासाभराची सुट्टी मागून आलेल्या, एक कडेवर पोर घेऊन. मुख्याध्यापकांनी आधीच लिहून ठेवलेला ठराव भराभर वाचला, नोंदवही फिरली, सह्या-अंगठे झाले. चहा आला. तेवढ्यात एकीने विचारलं, “साहेब, माझा मुलगा पाचवीत आहे, पण त्याला पाटी वाचता येत नाही. ते यात कुठे लिहिलंय?” वहीत ते कुठेच नव्हतं. त्यात पाण्याच्या टाकीची दुरुस्ती होती, प्रवेशोत्सवाची तयारी होती, रंगकामाच्या देणगीबद्दल आभार होते. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते, त्यांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. पण ते ठरावात आणायची रीतच त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हती.

देणग्या आता बऱ्याच येतात. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक झालं आणि बडोद्याभोवती कारखान्यांची वाण नाही. शाळांच्या भिंती रंगल्या, बाकं आली, स्मार्ट क्लासचे पडदे लागले, स्वच्छतागृहं झाली. मुलींसाठी शेवटची गोष्ट तर फार मोलाची. तरीही देणाऱ्याला दिसणाऱ्या वस्तू द्यायला आवडतं. रोज दोन तास बसून वाचायला शिकवणाऱ्या मुलीच्या मानधनावर कुणाच्या नावाची पाटी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी पैसा कमी निघतो. स्वयंसेवकांच्या सरकारी योजनाही आहेत. त्यांतून येणारी माणसं मनापासून येतात, पण बहुतेकांचं येणं महिन्या-दोन महिन्यांपुरतं असतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ कडे मात्र अजून फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. व्यवस्थापन समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आणि सरकारने किंवा महापालिकेने त्या आराखड्याच्या आधारेच योजना आखायच्या, अनुदान द्यायचं, असं ते सांगतं. म्हणजे त्या आईचा प्रश्न आराखड्यात गेला, ‘पाचवीतल्या इतक्या मुलांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी वस्तीतल्या दोन मुली मानधनावर नेमाव्यात’ असं तिथे लिहिलं गेलं, तर ती विनंती राहत नाही, अनुदानाचा पाया होते. त्यासाठी बैठक संध्याकाळी कामं आटोपल्यावर भरवावी लागेल, आराखडा पालकांना समजेल अशा मराठी-हिंदी-गुजरातीत मोठ्याने वाचावा लागेल, आणि समितीच्या शाळांतून फार पूर्वी निघून गेलेल्या आपल्यासारख्या शिकलेल्या घरांतल्या कुणीतरी त्या बायांशेजारी बसून त्यांचं म्हणणं जसंच्या तसं कागदावर उतरवून द्यावं लागेल. दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात निवृत्त शिक्षक-शिक्षिकांचा तोटा नाही, आणि नवं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं.