माती बिघडलीय, पण नेमकी कशानं?

पावसाळ्यात बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात घुसतं हे आता दरवर्षीचंच झालंय, भात कुजतं, नुकसानभरपाईची मागणी होते, पेपरात फोटो येतो आणि पाणी ओसरलं की सगळे गप्प. पाणी जातं, खरं पाण्यातनं आलेलं बरंच काही शेतातच राहतं. मग कुणीतरी सांगतं शेणखत टाका, माती परत येते. हे अर्धंच बरोबर आहे, आणि या अर्ध्यापायीच आपण चुकीच्या ठिकाणी कष्ट आणि पैसा घालतो.

मातीत जाणारी घाण दोन जातीची असते. एक कुजणारी, म्हणजे सांडपाण्यातला मैला, सांडलेलं डिझेल-ऑइल, आजकालची बरीचशी फवारणीची औषधं. मातीतले जिवाणू आणि बुरशी हे सगळं हळूहळू खाऊन टाकतात, त्यांना फक्त हवा, ओल आणि सेंद्रिय खत लागतं. गॅरेजमागच्या किंवा पंपाजवळच्या तेलकट मातीत चांगलं कुजलेलं खत मिसळून ती अधूनमधून खालीवर केली आणि ओलसर ठेवली तर काही महिन्यांत फरक पडतो. डीडीटीसारखी जुनी औषधं मात्र याला अपवाद, ती वर्षानुवर्षं टिकतात.

दुसरी जात धातूंची. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा. ही मूलद्रव्यं आहेत, त्यांना कुठलाच जिवाणू मोडू शकत नाही. ती मातीला चिकटून बसतात नाहीतर पाण्याबरोबर पुढं सरकतात आणि पिकात चढतात. जपानमधल्या जिंत्सू नदीच्या खोऱ्यात वरच्या अंगाच्या खाणीतलं कॅडमियम नदीतनं भाताच्या खाचरात आलं, तो भात खाऊन लोकांची, त्यात जास्त करून बायकांची, हाडं इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनं मोडायची. तिथल्या सरकारनं 1968 साली कारण मान्य केलं, माती बदलायचं काम 1979 ला सुरू झालं आणि संपलं 2012 ला. 33 वर्षं, तीसुद्धा जपानसारख्या श्रीमंत देशात! नदी, भात, वरच्या अंगाला उद्योग, हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. म्हणून मी म्हणतो, धातूंच्या बाबतीत आपली खरी ताकद ते मातीत जाण्याआधीच आहे, नंतर फार थोडं हातात उरतं.

आता हे धातू येतात कुठनं? मोठ्या कारखान्याकडं बोट दाखवणं सोपं आहे आणि कधीकधी ते बरोबरही असतं, खरं आपल्या घरातनंही बरंच जातं. जुनी बॅटरी, ट्यूबलाइट (तिच्यात पारा असतो), रिमोटचे सेल, जुन्या दारं-खिडक्यांचा खरवडलेला रंग. घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग), हा नियम आपल्याकडं 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या रंगात कितीही असू शकतं, तेव्हा तो भुसा परसात झाडू नका, कागद अंथरून गोळा करा. गाडीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदारालाच परत द्या, 2022 च्या नियमांनी त्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकलीय. आणि तांब्यासाठी वायरी जाळणारे दिसले तर कृपा करून थांबवा, त्या धुरातनं डायॉक्सिन नावाचं विष पडतं आणि ते मातीत दशकानुदशकं राहतं.

गल्लीतल्या कचऱ्याचंही तेच. बेळगावचा कचरा तुरमुरीच्या डेपोला जातो. ओल्या कचऱ्याचं खत विकायचं असेल तर केंद्राच्या नियमाप्रमाणं त्यात किलोमागं शिसं 100 मिलिग्रॅमच्या आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. भाजीच्या सालींबरोबर सेल टाकला की ते खत शेताच्या कामाचं उरत नाही. म्हणजे शहरातली वहिनी स्वयंपाकघरात कचरा वेगळा करते तेव्हा ती खेड्यातल्या कुणाच्यातरी वाफ्याचं भलं करत असते, हे काम तितकं मोठं आहे.

गणपतीचंही बोलायला पाहिजे, कारण बेळगावात गल्लीगल्लीला मंडळ आहे. मूर्तीचं प्लास्टर (पीओपी) म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ते लवकर विरघळत नाही, खरं धातूंच्या बाबतीत जास्त काळजी त्याच्यावरच्या रासायनिक रंगांची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत शाडू आणि नैसर्गिक रंगच सांगितलेत. गणेश मंडळानं पुढच्या वर्षीची मूर्ती ठरवतानाच मूर्तिकाराला हे सांगावं आणि विसर्जनाच्या हौदातला गाळ तपासल्याशिवाय शेतात जाऊ देऊ नये.

शेतकऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत ज्यापासून बनतं त्या रॉक फॉस्फेटच्या दगडात कॅडमियम निसर्गतःच असतं, त्यामुळं त्या खतातनं ते थोडंथोडं शेतात येतं. निपाणीकडच्या लोकांना तर हे माहीत असायलाच पाहिजे, कारण तंबाखूचं झाड कॅडमियम ओढून पानात साठवतं, विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात कॅडमियम जास्त सापडायचं हे एक मोठं कारण. म्हणून डीएपी (हेही स्फुरदाचंच खत) शेजाऱ्याचं बघून टाकू नका, माती तपासणीचा रिपोर्ट बघून टाका, पैसेही वाचतात. फवारणीच्या औषधाची बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा, बांधावर किंवा विहिरीत फेकू नका. भाजी पिकवणाऱ्यांनी मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचं प्लास्टिक) फाटायच्या आत उचलावा, त्याचे तुकडे एकदा मातीत गेले की वेचणं अशक्य.

कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातनं मिळणारं मृदा आरोग्य कार्ड चांगलंच आहे, 2015 पासून ही योजना चालू आहे, खरं त्यात 12 गोष्टी असतात, नत्र-स्फुरद-पालाश, सामू (pH, म्हणजे माती आम्ल की अल्कली), क्षार, सेंद्रिय कर्ब, जस्त वगैरे. शिसं आणि कॅडमियम त्यात नाहीत! कार्ड चांगलं आलं म्हणजे माती विषारी नाही असं समजू नका. धातूंची टेस्ट वेगळी, ती मान्यताप्राप्त लॅबमध्ये करावी लागते आणि एकट्याला महाग पडते, इथंच गाव कामाला येतं. एकाच नाल्याकाठचे पाच-दहा शेतकरी, दूध डेअरी नाहीतर महिला मंडळ यांनी वर्गणी काढून टेस्ट करावी. तीन ठिकाणची माती घ्या: नाल्याला लागून, जरा आत, आणि जिथं पुराचं पाणी कधीच येत नाही असं एक शेत. हे तिसरं शेत फार महत्त्वाचं, कारण त्याच्याशी तुलना केल्याशिवाय आकडा नाल्यामुळं वाढलाय की मुळातच तसा आहे ते कळत नाही. भात कापून मसूर-वाटाणा पेरायच्या आधी, प्रत्येक शेतात आठ-दहा जागी सहा इंच खोल खड्डा करून माती घ्या, बांध, झाडाखाली आणि उकिरड्याजवळची सोडून. लोखंडी खुरपं नको, लाकडी काठी आणि प्लास्टिकची बादली चालते, आणि खताच्या पोत्यात तर अजिबात भरू नका. सावलीत वाळवून अर्धा किलो पुरे.

धातू जास्त निघाले तर शेत सोडायचं का? नाही. साधारणपणे पालेभाजीत ते जास्त चढतात, टोमॅटो-वांग्यासारख्या फळांत कमी, म्हणून तिथं पालक-कोथिंबीर थांबवा, फुलं नाहीतर लाकडाची झाडं हा आणखी सुरक्षित रस्ता. खानापूरकडच्या आम्लधर्मी लाल मातीत कॅडमियम लवकर सुटतं, सामू तपासून चुना आणि भरपूर कुजलेलं शेणखत दिलं की ते मातीलाच बांधून राहतं, निघून जात नाही पण पिकात कमी जातं. अथणी-रायबागकडच्या काळ्या जमिनीत चुना टाकू नका, तिथलं दुखणं उसाला पाणी जास्त झाल्यानं वर आलेल्या क्षारांचं आहे, त्याला आधी चर काढून निचरा, मग चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली जमीन) असेल तर जिप्सम. मोहरी-सूर्यफूल लावून धातू ओढून घेता येतात हे खरं आहे, पण अनेक हंगाम लागतात आणि ते पीक जनावरांना घालायचं नाही की खतातही टाकायचं नाही.

आणि रिपोर्ट घरात ठेवू नका. ग्रामसभेत वाचा, ठराव करून घ्या, ठरावाची आणि रिपोर्टची प्रत जोडून महापालिकेला आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला सामूहिक अर्ज द्या, पोच घ्या. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात नाल्याच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे मागा.