नाटकातले कपडे येतात कुठून? आधी पैसे कोणाचे ते बघा

नाटक कंपन्या कपडे कसे जमवत आल्या हे बघायला गेलं की एक गोष्ट सारखी दिसते, खर्च ज्याच्या खिशातून होतो त्यावर स्टेजवर काय दिसणार ते ठरतं. प्राचीन अथेन्समध्ये कोरसच्या (नाटकातल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाच्या) तालमी आणि कपडे यांचा खर्च शहरातल्या एखाद्या श्रीमंत नागरिकावर टाकायचे, आणि आपलं नाव व्हावं म्हणून काहीजण हात अगदी सैल सोडायचे.

शेक्सपियरच्या काळातलं लंडन तर भारीच इंटरेस्टिंग आहे. १५९९ मध्ये तिथे गेलेला थॉमस प्लॅटर नावाचा स्विस प्रवासी लिहून गेलाय की सरदार लोक मरताना आपले उत्तम कपडे नोकरांना ठेवून जातात, पण नोकराच्या अंगावर ते शोभत नाहीत म्हणून तो ते नटांना स्वस्तात विकून टाकतो. नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याच्या हिशेबाच्या नोंदी आजही शिल्लक आहेत आणि त्यात १६०३ ची एक नोंद मला कायम अस्वस्थ करते, नाटक लिहिल्याबद्दल थॉमस हेवूडला ६ पौंड आणि त्याच नाटकाच्या नायिकेच्या काळ्या मखमली गाऊनला ६ पौंड १३ शिलिंग. म्हणजे अख्ख्या नाटकापेक्षा एक गाऊन महाग! हेन्स्लोच्या १५९८ च्या कपड्यांच्या यादीत तर 'अदृश्य होण्यासाठीचा झगा' पण आहे, नटाने तो चढवला की बाकीच्या पात्रांना हा दिसत नाहीये असं प्रेक्षकांनी धरून चालायचं.

१६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने आपला राज्याभिषेकाचा पोशाख थॉमस बेटरटन या नटाला एका नाटकासाठी वापरायला दिला. पण नाटक ज्या काळातलं आहे त्या काळाप्रमाणे कपडे हवेत याचं फारसं कुणाला पडलेलं नव्हतं, रोमन सेनापतीसुद्धा चालू फॅशनचा विग लावून यायचा. १८२३ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स केंबल या नटाने शेक्सपियरचं 'किंग जॉन' केलं तेव्हा प्लँशे नावाच्या अभ्यासकाने जुनी थडगी, शिक्के असलं सगळं धुंडाळून त्या काळाचे कपडे काढले, आणि ते चाललं. पुढे जर्मनीतल्या माइनिंगेनच्या ड्यूकच्या कंपनीने १८७४ पासून दौरे केले, तिथे तर खरंच जड कापड वापरायचे आणि नटांना तालमीपासूनच ते घालायला लावायचे, मला वाटतं चालणं-बसणं बदलतं ते याच्यानेच.

या सगळ्यात नटांचे, त्यातून नट्यांचे, हाल व्हायचे. कित्येक ठिकाणी स्वतःचे कपडे स्वतःच आणायचे आणि ज्या बाईकडे चांगले कपडे नाहीत तिला काम मिळणंच अवघड. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या नटांनी संप केला तेव्हा त्यांच्या तक्रारींमध्ये हीसुद्धा होती, आणि रास्तच होती.

आता बहुतेक कंपन्या चारही मार्ग एकत्र वापरतात, आपल्या कपडेपटातून काढायचं, भाड्याने आणायचं, रेडिमेड घ्यायचं, आणि जे कुठेच मिळत नाही तेवढंच शिवायचं, कारण शिवणं सगळ्यात महाग. आधी स्वस्त कापडावर कच्चं शिवून ट्रायल, मग खरं कापड, आणि भिकाऱ्याचा कोट असेल तर नवा कोट सँडपेपरने घासून, रंगवून जुना करायचा. भाड्याच्या कपड्याला सहसा कात्री लावू देत नाहीत, टाके घालूनच लहान-मोठा करायचा, आणि म्हणूनच जाणता शिंपी नवा ड्रेस शिवताना शिवणीत आत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवतो, कारण पुढच्या नाटकात तो कुणा दुप्पट अंगाच्या नटाला बसवायची वेळ येणार हे त्याला माहीत असतं.