पार्श्वभूमी : अंगणातल्या आगगाडीचे रूळ आणि ‘स्पिरिट’चा घोळ

अंगणात ४५ मिमी रुंदीचा रूळ टाकून छंदाची छोटी आगगाडी चालवणारे आपल्या विदर्भातल्या खेड्यात बोटावर मोजण्याइतके, पण तेवढ्यातही रूळ कशानं साफ करायचा यावर तट पडून राहिले. हा वाद इथवर कसा आला ते सांगतो, फार मागचं नाही सांगत.

मागचं एवढंच की हे माप १८९१ साली जर्मनीत ठरलं आणि तेव्हाच्या गाड्या बहुतेक चावीच्या, नाहीतर स्पिरिटच्या दिव्यावर वाफ करणाऱ्या. त्यांना रूळ काळा असला काय अन् पिवळा असला काय, सारखंच. पानं झाडली, तेल सांडलं असेल तर पुसलं, झालं. रुळातून करंट घ्यायला लागले तशी साफ या शब्दाची दोन पोटं झाली, एक डोळ्याला साफ आणि एक करंटला साफ. १९६८ मधे न्युरेंबर्गच्या एका जुन्या खेळणीवाल्या कंपनीनं ऊन-पाऊस सोसणारी मोठी गाडी बाजारात आणली, रूळ भरीव पितळेचा. पत्र्यासारखा तो गंजून खलास होत नाही हे खरं, पण पितळ काळं पडते हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, ओसरीतला पाण्याचा पितळी गुंड आठ दिवस घासला नाही की समजते. आणि बाजूला गोठा असला तर विचारूच नका, शेणाच्या उकिरड्यातून गंधकाचा वायू निघते त्यानं पितळ आणखी लवकर काळवंडते.

म्हणून आपल्याकडे पहिला उपाय सगळ्यांना सुचते तो चिंचेचा. रूळ मस्त लखलखीत होतात, फक्त आंबट पाणी रुळाच्या जोडात जाऊन बसते अन् महिनाभरात तिथं हिरवा थर चढतो, मग करंट पुढं जातच नाही. चिंच लावायची तर भरपूर पाण्यानं धुवायचं, आणि एवढं करणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

१९९० नंतर डिजिटल कंट्रोल आलं आणि रुळाच्या सफाईला एकदम महत्त्व आलं. आधी काळ्या डागावर इंजिन एक झटका खाऊन पुढं जायचं. डिजिटलमधे हुकूम करंटबरोबर त्याच रुळातून येते, क्षणभर तुटला की आतलं सर्किट पुन्हा पहिल्यापासून सुरू. नंतर इंजिनात थोडी वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर बसवायला लागले तेव्हा जरा दम मिळाला. मधल्या काळात जर्मन सिल्व्हरचा रूळ, स्टीलचा रूळ हेही प्रकार झाले (जर्मन सिल्व्हरमधे चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल अन् जस्त), पण ते महाग, सोडून देऊ.

आता खरा घोळ. २०१९ साली परदेशातल्या एका छंदाच्या मासिकात लेख आला, त्यात साफसफाईचे द्रव त्यांच्या डायइलेक्ट्रिक आकड्यावरून (द्रवाच्या रेणूला विजेची दोन टोकं किती ठळक, याचा अंदाज देणारा आकडा) एकाखाली एक लावले होते. रॉकेल २ च्या आसपास, आयसोप्रोपिल अल्कोहोल १८-२० च्या आसपास. म्हणणं असं की आकडा मोठा असलेला, म्हणजे पोलर, द्रव वापरला की चाक अन् रूळ यांच्यात बारीक ठिणग्या जास्त पडतात आणि काळं लवकर येते, म्हणून अल्कोहोल बंद करा, मिनरल स्पिरिट वापरा. झालं, ‘स्पिरिट वापरा’ एवढंच इकडं पोचलं. मेडिकलमधे स्पिरिट मागितलं तर सर्जिकल स्पिरिट देतात, ते अल्कोहोल, म्हणजे ज्याला नको म्हटलं नेमकं तेच! मिनरल स्पिरिट म्हणजे पेट्रोलियमचा माल, तो आपल्या पेंटच्या दुकानात तारपीन म्हणून मिळते, आणि त्या तारपीनाचा चिडाच्या झाडाशी काही संबंध नाही, ते असली तारपीन वेगळं. त्यातही दुकानदारानं थिनर दिलं तर पळून या, ते रुळाखालचे प्लास्टिकचे स्लीपर खाते. एकाच शब्दाखाली दोन उलट्या वस्तू, आणि दोन्ही पार्ट्या मी स्पिरिटच वापरतो म्हणून भांडून राहिल्या.

त्या लेखावर आक्षेप आहेच. अल्कोहोल दोन मिनिटात उडून जाते, मग उडून गेलेल्या वस्तूचा आकडा रुळावर कसा काय काम करून राहिला? मला हा आक्षेप पटते. पण माझं म्हणणं त्याहून वेगळं, की हे भांडणच घरातल्या टेबलावरच्या गाड्यांचं आहे. अंगणात रुळावर काय असते? काळ्या मातीची धूळ, कापूस वेचणीत उडालेला रुवा, जूनमधे पडलेल्या पिकल्या निंबोळ्यांचा गर, आंब्याच्या बहरात तुडतुड्यांचा चिकटा. गर आणि चिकटा म्हणजे साखर, ती पाण्यात विरघळते, तारपीन घासून हात दुखले तरी ढिम्म हलत नाही. एक बादली साधं पाणी अन् जुनं धोतर, काम खतम. तारपीन लागते ते चाकाकडून आलेल्या तेलाला. आणि पितळेवरचा जो काळपट थर आहे तो ना या स्पिरिटनं जात ना त्या, तो घासूनच जाते. घासायचं कशानं, तर हिरवी घासणी किंवा अगदी बारीक पॉलिश पेपर काठीला बांधून, उभ्यानं. जाड पेपरनं ओरखडे पडतात अन् त्यात पुन्हा माती भरते, एवढं मात्र ‘घासू नका, नुसतं पुसा’ म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे.

गेल्या काही वर्षांत बॅटरी आणि रिमोटवाले वाढले. लिथियमची बॅटरी डब्यात, रुळात करंटच नाही. मी याला शकुंतला पद्धत म्हणतो, आपली मूर्तिजापूर-यवतमाळची गाडी १९९४ पर्यंत वाफेवर अन् मग डिझेलवर चालली, तिला रुळातून वीज कधी लागली नाही. बॅटरीवाले म्हणतात आता स्पिरिट नको अन् घासणी नको, आरामात बसा. चढावर निंबोळीचा गर चाकाखाली आला की त्यांचंही इंजिन जागच्या जागी फिरते, मग तेही बादली घेऊन येतातच.