लेहला तूरडाळ का रुसते?

गेल्या जूनमध्ये आम्ही घरचे सहा जण लेहला गेलो होतो. होमस्टेचं किचन वापरायला मिळणार म्हणून मेतकूट, भाजणी, तांदूळ, तूरडाळ असं सगळं बांधून नेलं, आणि कुकर तेवढा बॅगेत मावेना म्हणून घरीच राहिला. पहिल्या दिवशी मऊ भात-मेतकूट मस्त झालं. दुसऱ्या दिवशी वरण लावलं तर दीड तास झाला, पातेल्यात पाणी नुसतं उसळतंय आणि डाळ आपली दाताखाली कचकच. आई म्हणाली इथलं पाणीच तसलं, भाऊ म्हणाला ऑक्सिजन कमी आहे ना म्हणून, आणि मी गॅस आणखी मोठा केला. तिघंही चुकलो.

पाणी उकळतं म्हणजे काय, तर आतल्या वाफेचा जोर बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो. मुंबईत हवेचा दाब साधारण 1013 मिलिबार, तिथे पाणी 100 डिग्रीला उकळतं. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे दाब 660च्या आसपास, म्हणून पाणी 88 डिग्रीलाच उकळायला लागतं आणि एकदा उकळलं की गॅस कितीही मोठा करा, ते 88च्या वर जात नाही, नुसती वाफ जास्त होते आणि सिलेंडर लवकर संपतो. भाताला हे चालतं, कारण तांदळातला स्टार्च 70-75 डिग्रीलाच फुगून मऊ होतो. डाळीच्या पेशी मात्र पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात, ते पेक्टिन सुटायला जास्त उष्णता लागते आणि 88 डिग्रीला ते काम फारच रेंगाळत चालतं.

1835 साली चार्ल्स डार्विन अँडीज पर्वत ओलांडत होता तेव्हा त्याच्याबरोबरच्या लोकांनी बटाटे रात्रभर चुलीवर ठेवले, तरी सकाळी कच्चेच. त्यांनी निष्कर्ष काढला की हे नवं भांडंच मेलं शापित आहे, त्याला बटाटे शिजवायचेच नाहीत! आपल्याकडे कुणीतरी दृष्ट काढली असती, एवढाच फरक.

मग होमस्टेच्या ताईंनी त्यांचा कुकर दिला. आता खरी गंमत. आपल्याला वाटतं कुकर लावला की मुंबई काय नि लेह काय, सगळं सारखंच. तसं नाही! शिट्टीचं वजन उचलायला वाफेला बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो जास्त जोर लावावा लागतो, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका (त्यालाच 1 वातावरण म्हणतात). नीट बघा, बाहेरच्या हवेपेक्षा जास्त. शिट्टीला फक्त आतला आणि बाहेरचा फरक कळतो, आतला एकूण दाब कळत नाही. मुंबईत बाहेरचा 1 अधिक शिट्टीचा 1, म्हणजे आत सुमारे 2 वातावरण, तापमान 120. लेहला 0.65 अधिक 1 म्हणजे 1.65, तापमान 114-115. शिट्टी तशीच ऐकू येते, पण आत पाच-सहा डिग्री कमी असतात. ढोबळ हिशोबाने 10 डिग्रीला शिजण्याचा वेग दुप्पट धरला तर 6 डिग्रीला दोनाचा 0.6वा घात, म्हणजे दीडपट, म्हणून घरी तीन शिट्ट्यांत होणाऱ्या वरणाला तिथे साडेचार धरा, अर्धी शिट्टी कशी मोजायची ते तुमचं तुम्ही बघा. तशी शिट्टी म्हणजे काही घड्याळ नव्हे, गॅस मोठा असेल तर पटापट होतात, त्यामुळे मिनिटं मोजलेली बरी.

डाळ आधी तास-दोन तास भिजवली की बराच वेळ वाचतो, चिमूटभर सोड्यानेही पेक्टिन लवकर सुटतं. राजमा मात्र तिथे उघड्या पातेल्यात करूच नका. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं विषारी प्रथिन असतं, ते घालवायला 100 डिग्रीला दहा मिनिटं तरी उकळी लागते आणि 88 डिग्रीला अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही त्रास देऊ शकतो.

नंतर खारदुंग ला ही लेहजवळची उंच खिंड झाली. पाटीवर बरीच वर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं, जीपीएसने मोजलं तर साडेसतरा हजारांच्या जरा वर भरतं, पण फोटो सगळे पाटीसोबतच काढतात, आम्हीही काढला. त्या उंचीवर पाणी 82-83 डिग्रीलाच उकळतं आणि तरी मॅगी झटपट होते, कारण ती फॅक्टरीतच वाफवून तळून आलेली असते, आपण तिला नुसती भिजवतो.